आडातला उजेड

मठाच्या आडात उजेड दिसल्याची बातमी वैजयंताला शालनवहिनीने फोनवर सांगितली, तेव्हा आनंदाने वहिनीला धाप लागली होती.

"ताई, देव आला हो! आडात वाकून बघितलं की खाली निळं निळं चांदणं. भर दुपारी! बायका रडायल्यात नुसत्या. त्रिंबकअप्पांनी पहिला तांब्या भरला अन् मलाच दिला बघा. म्हणले, पोटुशी बाईचा मान पहिला."

"वहिनी, तुम्ही प्यालात ते?"

"मग काय पायावर वतू? तीर्थ हाय ते!"

वैजयंता प्रयोगशाळेच्या जिन्यातच बसली. बाजूने जाणाऱ्या शिपायाने विचारले, "मॅडम, गावाकडं काही वाईट?" तिने मान हलवली, होकाराची की नकाराची, तिलाही कळले नाही. तो उजेड देवाचा नव्हता. तिनेच तो दीड महिन्यापूर्वी खडकसांगवीच्या जमिनीत सोडला होता.

गाड्या विजेवर पळू लागल्या तशी जुन्या रस्त्यावरच्या पेट्रोलपंपांवर अवकळा आली. मालक पाट्या काढून, छपरं विकून निघून गेले. पण जमिनीत पुरलेल्या लोखंडी टाक्या काढायला खर्च येतो, त्या तशाच राहिल्या. तळाशी उरलेल्या पेट्रोलसकट. लोखंड गंजले, टाकीला सुईएवढी भोके पडली, आणि पेट्रोल मुरमातून झिरपत खडकाच्या भेगांपर्यंत गेले. पाण्यापेक्षा ते हलके, म्हणून बरेचसे वर तरंगते. त्याचा वासही येतो. खरे भय त्यातल्या बेंझीनचे. ते पाण्यात विरघळते, आणि थोडे असले तर नाकाला नि जिभेला पत्ता लागू देत नाही. हाडांच्या आत जिथे रक्त तयार होते, तिथे ते जाऊन बसते. पोटातल्या बाळालाही ते सोडत नाही.

हे विष भेगाभेगांतून कुठवर गेले ते शोधायचे म्हणजे जागोजागी बोअर घेत बसायचे. त्यावर वैजयंताच्या प्रयोगशाळेने एक जिवाणू घडवला होता. पेट्रोल हेच त्याचे अन्न. ते मिळाले की तो खातो, वाढतो आणि चमकतो. संपले की मरतो. प्रयोगशाळेत त्याला सगळे 'काजवा' म्हणत. जिवाणू स्वतः निरुपद्रवी. टाकीजवळ बोअर घेऊन तो आत सोडायचा आणि आसपासच्या विहिरींत नजर ठेवायची. जिथे उजेड, तिथे विष. इतके साधे.

खडकसांगवीचा पंप वेशीबाहेर होता आणि उतार ओढ्याकडे. विष ओढ्याकडेच जाणार, असे वैजयंताचे गणित. त्यात एक गोष्ट राहिली: सप्ताह. मठात हरिनाम सप्ताह बसला की पंक्तीसाठी आडावरची मोटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालते. त्या उपशाने जमिनीखालचे पाणी उताराला पाठ फिरवून मठाकडे ओढले गेले होते. शिवाय काजव्याला चमकायला हवा लागते. भेगांमध्ये तो आंधळा असतो. उघड्या आडात आल्यावर त्याने डोळे उघडले.

उजेड म्हणजे विष, हे तरी गावाच्या ध्यानात यायला हवे होते, कारण तिने ते ग्रामसभेत सांगितले होते. बाटलीत काजवा घालून, खोलीची खिडकी लावून दाखवलाही होता. मात्र ज्या गावात ती वडिलांचे, तात्यांचे, बोट धरून कीर्तनाला गेली, ते गाव कीर्तनातली एक ओळ विसरत नाही आणि ग्रामसभेतले काही लक्षात ठेवत नाही, हे तिला ठाऊक असायला हवे होते.

ती पोचली तेव्हा मठासमोर चपलांचा ढीग पडला होता. सोमगीर महाराजांच्या समाधीपुढे तांब्याचा हंडा, आणि गाभाऱ्याच्या अंधारात त्या हंड्याच्या तोंडातून निळसर उजेड वर आलेला. किती सुंदर दिसत होता! क्षणभर तिचेही हात जुळले. मग तिने ते सोडवले.

मठाचे विश्वस्त त्रिंबकअप्पा पळीने तीर्थ वाटत होते. तिला पाहून म्हणाले, "ये वैजू. गहिनीबुवाची लेक, तुला रांग कशाला?"

"अप्पा, हे वाटणं थांबवा. ग्रामसभेत दाखवलं होतं ना मी? हा तोच उजेड आहे."

"ते पंपाचं पाणी होतं. हे मठाचं हाय."

"जमिनीखाली मठ आणि पंप वेगळे नसतात, अप्पा."

"तुझ्या बाटलीतला उजेड हिरवट होता. हा निळा हाय. व्हय का न्हाई रं?" अप्पांनी रांगेला विचारले.

"निळाच हाय!" रांग म्हणाली.

"बाटली हिरव्या काचेची होती!"

रांगेत हसू पिकले. एक म्हातारी तिच्या दंडाला हात लावून मायेने म्हणाली, "शिकलीस बाई, लई चांगलं झालं. पर सगळंच तुमीच केलं म्हणू नगं. थोडं देवालाबी ठिवा."

तहसीलदारांकडून आड बंद करण्याचा हुकूम आणायला तिला दोन दिवस गेले. सरकारी माणसाने आडावर फळी टाकून तिच्यावर लाखेचे सील मारले. पाठोपाठ बायकांनी सीलाला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला. दुपारी अप्पांनी ते अलगद काढून पाटावर ठेवले आणि देव्हाऱ्यात नेऊन बसवले. कुणी सरकारचा अपमान केला असे म्हणायला जागा नव्हती. पोलीसपाटील स्वतः तीर्थाच्या रांगेत उभे होते.

आता तात्या उरले होते.

ह.भ.प. गहिनीनाथ महाराज, गावाचे गहिनीबुवा, वैजयंताचे तात्या. पंचक्रोशीत त्यांच्या कीर्तनाला तोड नव्हती. आवाज काही फार गोड नव्हता, पण सांगण्यात असा जिव्हाळा, की ऐकणाऱ्याला वाटावे, बुवा आपल्याच घरातले बोलताहेत. दाढी करताना, गोठा झाडताना, झोपेतसुद्धा ते काही ना काही गुणगुणत. त्यांची एक लकब साऱ्यांना पाठ होती. एखादी गोष्ट रंगवत रंगवत शिखरावर न्यायची, मृदंग हाताने थांबवायचा, आणि हळू आवाजात म्हणायचे, "हा दृष्टांत न्हाई बरं का बापहो, हे तुमचं-माझं हाय." त्या एका वाक्यावर मांडवातली माणसे डोळे पुसत.

तात्यांनी लेकीचे सगळे ऐकून घेतले. ओसरीवर सुपारी कातरत होते, ते कातरणे थांबले.

"म्हणजे तो उजेड तू सोडलास."

"हो."

"अन् त्याच्या पोटात विष हाय."

"हो, तात्या. वहिनी रोज पितेय. तुम्ही सांगा तिला."

तात्यांनी सुनेला हाक मारून समोर बसवले आणि सांगितले. लग्नाला बारा वर्षे होऊन, दवाखाने नि देवऋषी करून थकल्यावर शालनला दिवस गेले होते. पाचवा महिना होता. तिने पदर डोक्यावर घेतला, मान खाली घातली आणि म्हणाली, "न्हाई पिणार, तात्या." दारामागून वैजयंताचा भाऊ बंकट पुटपुटला, "ताईचं काय, तिला सगळ्यातच जंतू दिसतात."

"वहिनीनं ऐकलं, बाकी गावाचं काय?" वैजयंता म्हणाली. "परवा काल्याचं कीर्तन तुमचंच आहे. माझं नाही ऐकत कुणी. गादीवरून तुम्ही बोललात तर ऐकतील."

"नारदाच्या गादीवर घरचं बोलत न्हाईत, वैजू. तिथं उभं राहून माझी लेक म्हणती असं कसं सांगू?"

"लेक म्हणते म्हणून नका सांगू. खरं आहे म्हणून सांगा."

तात्यांनी बराच वेळ अडकित्त्याशी चाळा केला. मग म्हणाले, "खरं असंल तर गादीवर सांगायलाच पायजे. तिथं न्हाई सांगितलं तर कुठं सांगायचं?" त्यांच्या तोंडावर इतका निर्धास्त विश्वास होता, की वैजयंताला हायसे वाटले. तिला वाटले, आपण जिंकलो.

काल्याच्या दिवशी मांडवात मुंगीला वाट नव्हती. उजेडाच्या बातमीने लांबलांबचे लोक आले होते. तात्या गादीवर उभे राहिले. त्यांच्याहून वयाने मोठ्या माणसांनीही त्यांच्या पायांवर डोके ठेवले. टाळकरी दोन्ही बाजूंनी झुलू लागले. वैजयंता बायकांच्या बाजूला, वहिनीशेजारी बसली होती. पहिल्या गजराबरोबर तिच्या अंगावर लहानपणीसारखा काटा आला. जगात दुसरे काहीही खोटे ठरले तरी चालेल, हे ठरू नये, असे तिला नेहमी वाटे.

निरूपण मध्यावर आले. तात्यांनी हात वर केला. मृदंग थांबला.

"मायबापहो, आज गोष्ट न्हाई सांगत. आपल्या आडात उजेड आलाय. आपण त्याला देव म्हणून प्यालो. तो देव न्हाई. वेशीबाहेर जी टाकी गंजली, तिच्यातलं विष जमिनीखालून आपल्या आडात आलंय. उजेड त्या विषावरच जगतोय. जितका उजेड, तितकं विष. ते पाणी पिऊ नका."

वैजयंताने मान उंचावून मांडवावरून नजर फिरवली.

पुढच्या रांगेतून एक हुंदका आला. मग दुसरा. विणेकऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. कुणीतरी भरल्या गळ्याने म्हणाले, "काय बोलले बुवा! आतली टाकी गंजली, बाबांनो, आतली!"

तात्यांनी चमकून तिकडे पाहिले. "आतली न्हाई! पंपाची! पंपाची टाकी!"

"पंप म्हंजे हा देह," एक टाळकरी शेजाऱ्याला समजावत होता. "सोडून गेलेला मालक म्हंजे..."

"अरे, हा दृष्टांत न्हाई!" तात्या कळवळून म्हणाले. "दृष्टांत न्हाई हो बापहो, हे तुमचं-माझं..."

आणि तिथेच ते थांबले. आपल्या तोंडून काय निघाले ते त्यांना कळले होते. पण आता उशीर झाला होता. वर्षानुवर्षे ज्या वाक्याची वाट पाहायची सवय लागली होती, ते वाक्य मांडवाने ऐकले. मृदंगावर थाप पडली. टाळ कडाडले. हजार गळ्यांतून नामाचा गजर उठला, असा की मांडवाचे कापड हलले. तात्या दोन्ही हात हलवून नाही, नाही म्हणत होते, आणि लोकांना वाटत होते, बुवांना भाव आवरेना. वैजयंताने वहिनीकडे पाहिले. वहिनी डोळे मिटून झुलत होती.

कीर्तन संपल्यावर त्रिंबकअप्पांनी तात्यांच्या कपाळी बुक्का लावला आणि मिठी मारली. "बुवा, आज कान उघडले. उजेडाला भुलायचं न्हाई, उजेडाच्या धन्याला ओळखायचं." मग वळून मांडवाला म्हणाले, "चला, काला घ्या, तीर्थ घ्या. रांगेत या, ढकलाढकली नगं."

दुसऱ्या दिवशी वैजयंता चहाला दूध शोधत स्वयंपाकघरात गेली. खिडकी बंद होती. पिठाच्या डब्यामागे, भिंतीवर, निळी रेघ पडलेली दिसली. तिने डबा सरकवला. मागे स्टीलची बरणी होती, आणि झाकणाच्या फटीतून उजेड बाहेर येत होता.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. लपवायचे काही उरले नव्हते.

"तात्यांना सांगितलं होतं ना, नाही पिणार म्हणून?"

"तात्या परीक्षा बघतात," वहिनी शांतपणे म्हणाली. "काल गादीवरूनबी बघितली. ज्याची श्रद्धा डळमळली त्यानं सोडावं. माझी न्हाई डळमळत. ताई, तुमच्या दवाखान्यांनी मला बारा वर्षं काय दिलं हो? आता हे पोटात हलतंय, ते कुणी दिलं?"

"दिवस गेले तेव्हा आडात उजेड नव्हता, वहिनी!"

"देव आधी देतो, मग दिसतो."

वैजयंता ती बरणी घेऊन तशीच ओसरीवर तात्यांकडे गेली. झाकण काढून बरणी त्यांच्यासमोर ठेवली. उन्हात ती साध्या पाण्याची दिसत होती.

"खरं सांगून झालं, तात्या. आता एकच राहिलंय. सांगा, सोमगीर महाराज स्वप्नात आले. म्हणाले, आड झाका."

तात्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, की ती पुन्हा कधी तिला विसरता आली नाही.

"आले न्हाईत की ते."

"मला माहीत आहे."

"वैजू, मी जन्मभर गोष्टी सांगितल्या. पर ती गोष्ट हाय हे सांगणाऱ्यालाबी ठाऊक असायचं, ऐकणाऱ्यालाबी. त्याला खोटं म्हणत न्हाईत. तू म्हणतीस ते खोटं हाय. तेबी देवाच्या नावानं."

"सप्ताह संपला तरी तीर्थासाठी मोटर चालूच आहे, तात्या. पाणी उपसतात तितकं विष आणखी ओढलं जातंय. आड बंद झाल्याशिवाय मला जमीन साफ करता येत नाही. आणि वहिनी... तिच्या पोटातल्याचा तरी विचार करा."

"तू शास्त्र शिकलीस ना गं? तुझ्या शास्त्रात ह्याला दुसरं औषध न्हाई?"

"नाही," ती म्हणाली. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण नाही म्हणाली.

पहाटे काकड्याला तात्या मठात गेले. गादीकडे गेले नाहीत. खालच्या पायरीवर, चपलांजवळ बसले. आरती झाल्यावर अप्पांना म्हणाले, "महाराज आले होते. म्हणले, मी आडात निजतोय. वरून झाका. थेंब काढू नका." बोलताना त्यांची मान वर झाली नाही; गावाला तीही नम्रताच वाटली.

ऊन वर यायच्या आत आडावर सागवानी फळ्या आल्या, फळ्यांवर शाल, शालीवर फुले. अप्पांनी स्वतः मोटर काढली. शालनवहिनीने घरातली उरलीसुरली तीर्थाची भांडी दोन्ही हातांनी, कपाळाला लावून, वैजयंताकडे दिली. "महाराजांचाच हुकूम म्हटल्यावर..." म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत वैजयंताबद्दल राग नव्हता.

अप्पा मात्र तात्यांना लटक्या रागाने म्हणाले, "बुवा, हे आधीच सांगायचं की! उगं पेट्रोल-बिट्रोल कशाला काढलंत?"

त्यानंतर सगळे सुरळीत झाले, हीच तर गंमत. गंजलेली टाकी उपटून काढली. भिजलेला मुरूम खणून नेला. बोअरमधून तरंगते पेट्रोल ओढून घेतले, खडकात हवा सोडली. हवा मिळाल्यावर मातीतल्याच जिवाणूंनी उरलेसुरले विष खाऊन टाकले. पावसाळा गेला, हिवाळा सरत आला. फळीच्या फटीतून दिसणारा उजेड फिका होत होत विझला. अन्न संपले, काजवे मेले. तपासणीत पाणी निर्मळ निघाले. महाराज गाढ झोपले, असे गाव म्हणाले.

शालनवहिनीला मुलगी झाली. धडधाकट, काळ्याभोर डोळ्यांची. रक्ताची पुन्हा पुन्हा तपासणी केली. काही दोष नव्हता. पुढचे पुढे, डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. बारशाला अप्पांनी तात्यांना आग्रह केला, "बुवा, एक चाल तरी म्हणा नातीसाठी." तात्या म्हणाले, घसा धरलाय.

तो घसा सुटला नाही. काकड्याला ते पायरीवर बसत, पण टाळ हातात घेत नसत. पुढचा सप्ताह आला, कीर्तनाला दुसरे महाराज बोलावले. दाढी करताना ओसरीवर फक्त वस्तऱ्याचा खरखर आवाज येई. स्वप्नाचा महिमा मात्र गावोगाव पसरला होता. गाड्या करून माणसे बुवांच्या पाया पडायला येत. कुणी वाकू लागले की तात्या पाय मांडीखाली घेत. ते पाहून माणसे आणखी वाकत.

वैजयंताने एकदा विचारले, "माझ्यावर रागावलात?"

"न्हाई गं. तू बरोबर होतीस. बाळ बघ की केवढं गोड हाय." आणि ते उठून गोठ्यात गेले. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर तिला बरे वाटले असते.

फाल्गुनात तिच्या संचालकांचा, पाटणकर साहेबांचा, फोन आला. आधी त्यांनी खडकसांगवीच्या कामाची स्तुती केली. मग घसा खाकरला.

"असं आहे, घाटाखालच्या एका गावात बारवेत आपल्या काजव्याचा उजेड आलाय. लोक बाटल्या भरून नेताहेत. समजावून झालं, हुकूम काढून झाला, पोलीस झाले. मला कळलं की तुमच्या गावी तुमच्या वडिलांनी... म्हणजे, अधिकृत असं काही नाही हं. पण त्यांना विचाराल का? गाडी पाठवतो."

"सर, आपण विज्ञान संस्था आहोत."

"म्हणून तर लेखी मागत नाही."

तिने फोन ठेवला. या फोनचे तात्यांना काही सांगायचे नाही, असे तिने ठरवले. तेवढ्यात त्या गावातले फोटो आले: बारवेच्या पायऱ्यांवर रांग, रांगेत कडेवरची पोरे, आणि प्रत्येकाच्या हातात निळसर बाटली. तिने ते पुन्हा पुन्हा पाहिले. मग गाडी काढून गावाकडे निघाली.

तात्या ओसरीवर नातीला मांडीवर घेऊन बसले होते. नात त्यांच्या मिशा ओढत होती आणि ते तिला गप्पपणे ओढू देत होते. लेक अवेळी आलेली पाहून त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. तिला एक शब्द बोलावा लागला नाही.

"आणखी कुठं उजेड आला का?"

वैजयंताने होकाराची मान हलवली. "तात्या, नाही म्हटलंत तरी चालेल. खरंच."

तात्यांनी नातीला उचलून तिच्याकडे दिले. खुंटीवरचा सदरा काढला, घातला, एकेक गुंडी लावली. टोपी झटकली. उंबऱ्याशी वाकून चपला पायात सरकवल्या, आणि तिच्याकडे न बघता, बाजाराला निघालेल्या माणसाने काय आणायचे ते विचारावे तशा आवाजात विचारले,

"त्या गावचं दैवत कोणतं?"